मोजणारे आणि मोजले जाणारे

संशोधन हा शब्द निघाला की आपल्या बैठकीत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, हे पांढरपेशांचे चोचले. पोट भरलेल्यांनी ताऱ्यांवर न् आकड्यांवर प्रबंध लिहावेत, आपल्याला मोर्चे पडलेत. दुसरा म्हणतो, पीएच.डी. करा, प्राध्यापक व्हा, वर सरका. एक संशोधन फेकून देतो, दुसरा त्याची शिडी करतो. पण त्याच्या पोटात जो नैतिक प्रश्न आहे त्याला दोघंही हात घालत नाहीत. जो मोजतो आणि जो मोजला जातो, त्यांचं नातं काय? मोजून जे हाती येतं त्याच्यावर मालकी कोणाची? आणि त्याहून अवघड दुसरा प्रश्न : ज्याचा काहीच उपयोग दिसत नाही असं ज्ञान शोधायचा हक्क आपल्याला आहे का?

आता मी कोण बोलणारा? उर्से गावच्या शिवारातल्या एका मिलमध्ये मी तार ओढतो. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. आमची मिल कापडाची नव्हे, धातूची. आठ एमएमची कांब एका बाजूनं आत जाते, एकामागून एक डायमधून खेचली जाते न् बारीक तार होऊन बॉबिनवर बसते. जाडी निम्मी झाली की लांबी चौपट, हे मला कोणी फळ्यावर शिकवलं नाही. एका कांबेत किती बॉबिन भरतील याचा हिशेब लावता लावता कळलं. पुढं रद्दीतल्या एका शाळेच्या पुस्तकात दंडगोलाचं घनफळ वाचलं, तेव्हा ओळखीचा माणूस परक्या गावात भेटावा तसं झालं. म्हंजे गणित आपल्या हातात असतंच. त्याचं नाव तेवढं दुसऱ्याच्या ताब्यात असतं.

आमच्या वस्तीत मागे एक सर्वेक्षण झालं. शिकलेली पोरंपोरी आली, गोड बोलली. लेकरांची वजनं घेतली, दंडाचे घेर मोजले. बायांना विचारलं, पाणी कुठलं, मुलं किती, गेली किती. माझ्या आयनं सगळं सांगितलं. गेलेल्या लेकराचंही सांगितलं, ज्याचं नाव ती घरात कधी काढत नव्हती. कागदावर अंगठा दिला. गाडी गेली ती गेलीच. आय अजून विचारते, "त्या पोरींनी काय काढलं रं पुढं?" मला उत्तर देता येत नाय. माझ्या भावाचं मरण कुठल्या तरी रकान्यात आकडा होऊन बसलंय, आणि तो रकाना आम्हाला वाचता येत नाही.

मी त्या पोरांना चोर म्हणत नाही. त्यांची नियत वाईट नव्हती. पण दोस्तहो, आपल्या आज्या-पंज्यांनी वेठ केलीय. घाम आपला, फळ दुसऱ्याचं, आणि विचारायची सोय नाही. ज्याच्या दुःखातून आकडा काढला त्याला तो सांगायलाही कोणी परत येत नसेल, तर ती वेठच. घामाच्या जागी माहिती आली एवढंच.

याच्या उलटही घडलंय, आपल्याच महाराष्ट्रात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अभय बंग आणि राणी बंग हे डॉक्टर जोडपं वर्ध्याकडे काम करत होतं. तेव्हा शेतमजुराची किमान मजुरी दिवसाला ४ रुपये. सरकारी समितीनं ती ज्या हिशेबावर ठरवली होती तो हिशेब बंगांनी तपासला, त्यातल्या चुका काढल्या, १२ रुपये पाहिजेत असं मांडलं. सरकारला मजुरी वाढवावी लागली. राबणाऱ्या देहाला किती अन्न लागतं हे वैद्यक, त्याची मजुरी किती हे अर्थशास्त्र, आणि चूक कुठं झाली हे गणित. मजुराच्या ताटात तिन्ही एकच होतात. तिथं कोणी विचारत नाही, तुम्ही कुठल्या डिपार्टमेंटचे?

पुढं ते गडचिरोलीला गेले. लेकराला न्यूमोनिया झाला की श्वास जोरात चालतो. मिनिटाला किती, ते मोजायचं. पण दाईला साठपर्यंत मोजता येत नव्हतं. मग त्यांनी मण्यांची चौकट केली, सोबत एका मिनिटाची वाळूची घडी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. अडाणी म्हणून हिणवलेल्या बाईच्या हातात निदान आलं. मग गावातल्याच बायांना तयार करून ३९ गावांत घरोघर नवजात बाळांची काळजी घेतली. बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले, आणि हे १९९९ साली लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. इथं मोजली जाणारी बाई मोजणारी झाली. माझ्या लेखी संशोधनाची नैतिकता या एका बदलात आहे.

बाबासाहेबांनी हेच फार आधी केलं होतं. त्यांचा फोटो आपण लावतो, पण १९२३ चा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' किती जणांनी उघडलाय? विषय रुक्ष, चलनाचा. पण त्यात त्यांनी जे धरलं ते गिरणीकामगाराला चटकन कळेल. रुपयाचा दर उतरला की माल परदेशात स्वस्त विकला जातो, मालक म्हणतात देशाचा फायदा झाला. बाबासाहेब विचारतात, देशाचा म्हंजे कोणाचा? भाव चढतात, मजुरी त्या वेगानं चढत नाही. म्हणजे मालकाचा नफा मजुराच्या खिशातून निघतो. एवढ्या मोठ्या वादात हा प्रश्न त्यांना दिसला, कारण ते परळच्या चाळीत राहिले होते. अनुभवानं प्रश्न दिला, अभ्यासानं त्याला दात दिले. नुसता अनुभव रडतो, नुसता अभ्यास झोपतो.

दुसरा माणूस तर आपल्या मावळात हिंडून गेलेला. दामोदर कोसंबी. वडील धर्मानंद पालीचे पंडित, ज्यांचं 'भगवान बुद्ध' आपल्यापैकी कितीकांनी वाचलंय. दामोदर गणिती, पुण्याहून डेक्कन क्वीननं मुंबईला जाऊन टाटा संस्थेत गणित करायचे. याच माणसानं तराजू घेऊन हजारो जुनी नाणी तोलली. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, वजन उतरतं, आणि एकाच तोलाच्या नाण्यांमधला फरक वाढत जातो. त्यावरून नाणं किती फिरलं ते काढायचं. पोथीत ज्यांचा उल्लेख नाही त्यांची बोटंही त्या झिजेत आहेत. आपल्या हाताचा विटाळ मानणाऱ्यांनी आपल्या हातचं नाणं पाणी शिंपडून का होईना, घेतलंच की! कार्ल्याच्या चैत्याच्या दाराशी धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचा लेख आहे. त्या धेनुकाकटचा मागही कोसंबींनी काढला. कोणी म्हणेल, ते जन्मानं वरचे. असतील. पण त्यांनी ठेवलेलं हत्यार आपण का उचलू नये?

आता विद्येची उतरंड बघा. विद्यापीठात एक असतं 'शुद्ध गणित', दुसरं 'उपयोजित'. 'शुद्ध' हा शब्द काय करतो ते आपल्याला कोणी शिकवायला नको. वर शुद्ध, त्याखाली प्रयोगवाले, त्याखाली वस्तीत फिरणारे आरोग्यवाले, आणि तळाला आशाताई, जी दारोदार फिरून आकडा आणते न् तिला पगार नाही, मानधन मिळतं. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ती इथंही पायऱ्या घालून बसलीय.

मग काय, शुद्ध विद्या झिडकारायची? इथं माझं पहिल्या तटाशी भांडण आहे. जुन्नर तालुक्यात खोडदला रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही, स्टीलच्या बारीक तारेच्या जाळीचा. लाट वीतभर वा त्याहून लांब असल्यावर बोटभर भोकातून ती निसटत नाही. म्हणून जाळी भागते, वारा आरपार जातो, खर्च वाचतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेली लाट शेवटी कोणा कामगारानं ओढलेल्या तारेवर येऊन आदळते. "तिचा आपल्याला उपयोग काय?" असं आपलीच पोरं विचारतात. दोस्तहो, हा प्रश्न जपून विचारा. हजारो वर्षं आपल्याला हाच प्रश्न लावला गेलाय. मेलेलं ढोर ओढणं उपयोगाचं, सांगावा घेऊन पळणं उपयोगाचं. आपण निव्वळ उपयोगाचे होतो, म्हणून तर माणूस नव्हतो. नुसतं कुतूहल म्हणून आकाशाकडं बघायची मुभा ज्याला नाही तो अजून गुलामच.

मेघनाद साहांना कलकत्त्याच्या वसतिगृहात जातीपायी वेगळं जेवायला बसवलं. त्याच माणसानं १९२० मध्ये ताऱ्याच्या प्रकाशावरून त्याचं तापमान वाचायचं समीकरण दिलं. नंतर तो दामोदर नदीच्या पुराकडं वळला, आणि त्याच दामोदर योजनेवर मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबही काम करत होते. तारा आणि पूर एका डोक्यात मावतात. आणि हैदराबादच्या रोहित वेमुलाला विज्ञानावर लिहायचं होतं, ताऱ्यांवर लिहायचं होतं. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला. त्याची फेलोशिप अडवणाऱ्यांना विचारा उपयोग काय ते. त्याला विचारू नका.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात. वस्तीत कोणी मोजायला आलं तर हाकलू नका; विचारा, प्रश्न कोणी ठरवला, उत्तर आम्हाला कधी नि कोणत्या भाषेत सांगणार, आणि आमच्यातल्या कोणाला मोजायला शिकवणार? उत्तर लिहून घ्या. दुसरं, विहारात वंदनेनंतर आठवड्यातून एक तास गणिताचा ठेवा; मजुरीच्या पावतीपासून सुरुवात करा. तिसरं, एखादी पोरगी म्हणाली की मला तारेच शिकायचेत, तर तिला समाजकार्याचं ओझं देऊन वाकवू नका. तिला खोडदच्या एसटीचं भाडं वर्गणीतून द्या.

जय भीम.