रामशेजच्या पाइकांचे तर्पण

नाशिकच्या उत्तरेला सुमारे 14 किलोमीटरांवर रामशेजचा डोंगर आहे. 1682 मध्ये औरंगजेबाने शहाबुद्दीन खानाला हा किल्ला घ्यायला पाठवले. त्याला जमले नाही म्हणून बहादूरखान आला, त्यालाही जमले नाही, आणि संभाजीराजांची तिथली शिबंदी सुमारे पाच वर्षे टिकून राहिली. खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार. तोच लिहितो की गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, तेव्हा लोकांनी झाडांची खोडे पोखरून, कातडे वापरून तोफा केल्या आणि त्या चालवल्या. ती खोडे कोणी पोखरली, कातडे कोणी कमावले, रात्री तटावर गोफण घेऊन कोण बसे, हे कोणी लिहून ठेवले नाही. किल्लेदाराच्या नावावरसुद्धा आज एकमत नाही. या माणसांचे आपल्यावर काही ऋण आहे का, आणि असेल तर ते फेडायचे कसे, हा धर्मविचाराचा प्रश्न आहे. माझ्या मते ऋण आहे, पण गौरवाने ते फिटत नाही. ते तर्पणाच्या जातीचे ऋण आहे.

गौरवाची भाषा आपल्याकडे तयारच असते: वीरगती, स्वर्ग, स्वधर्म. तिचा मोठा आधार गीता. पण गीता ज्याला उद्देशून सांगितली आहे तो राजपुत्र आहे. त्याला रथ आहे, सारथी आहे, दोन्ही सैन्यांच्या मध्ये थांबून शंका विचारण्याची सवड आहे. पहिल्या अध्यायात महारथींची नावे घेऊन झाल्यावर दुर्योधन उरलेल्यांना 'आणखी पुष्कळ' एवढ्यातच आटोपतो. महाभारताच्याच हिशेबाने एका अक्षौहिणीत 1,09,350 पायदळ असते, म्हणजे अठरा अक्षौहिणींत 19,68,300. यांच्यापैकी कोणाला धनुष्य खाली ठेवून बसता आले असते? ज्याला नकाराची मुभाच नव्हती, त्याच्या मरणाला निष्काम कर्माचे उदाहरण म्हणणे मला अन्यायाचे वाटते. शिवाय पुण्याचे आश्वासन धन्याच्या सोयीचे असते. जपानमध्ये पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या यादवीत आशिगारू नावाचे शेतकरी पायदळ लढले. अशाच एका पायदळ शिपायाचा मुलगा मानला जाणारा हिदेयोशी सत्तेवर आला आणि 1588 मध्ये त्याने शेतकऱ्यांकडची शस्त्रे काढून घेतली. हे लोखंड बुद्धाच्या महामूर्तीच्या कामी लागेल आणि तुम्हाला इहपरलोकी पुण्य मिळेल, असे त्याने जाहीर केले. लढवणाराही पुण्य दाखवतो आणि निःशस्त्र करणाराही.

महाभारतात याहून वेगळी जागा आहे आणि ती मला जास्त खरी वाटते. स्त्रीपर्वात धृतराष्ट्र मेलेल्यांची संख्या आणि गती विचारतो. युधिष्ठिर आकडे सांगतो, बेपत्ता झालेले 24,165 हाही आकडा सांगतो, आणि मग गती सांगतो: आनंदाने मेले त्यांची एक, मरण अटळ म्हणून खिन्नपणे मेले त्यांची दुसरी, पाठ फिरवताना किंवा जीवदान मागताना मारले गेले त्यांची तिसरी. घाबरलेल्यालाही इथे कोणता ना कोणता लोक आहे. आणि लगेच तो आज्ञा देतो की एकही देह अनाथासारखा पडून राहू नये. देशोदेशींहून आलेले, ज्यांचे कोणी नाही असे देह गोळा करून दहन केले जाते. कोण शूर होता याची चौकशी होत नाही.

यावर सहज येणारा आक्षेप पगाराचा. पाईक पोटासाठी लढला, वेतन मिळाले, हिशेब चुकता झाला. सभासदाच्या बखरीत हशमांची, म्हणजे पायदळाची, रचना आहे: नाईक, त्यावर हवालदार, मग जुमलेदार, हजारी. जुमलेदाराला 100 होन, हजारीला 500. पण वेतन ठरते ते चाकरीचे. पाच वर्षे वेढ्यात बसून पेरणी हुकल्याची, घरच्यांची तोंडे न दिसल्याची किंमत कोणत्याही होनात धरलेली नसते. शिवाय वेतन सरकारने दिले आणि उपयोग आपण, नंतरच्यांनी, घेतला. आपला हिशेब त्या वेतनाने कसा चुकता होईल?

दुसरा आक्षेप जड आहे. हेच पायदळ, हेच लष्कर रयतेला नागवतही असे. शिवाजी महाराजांना चिपळूणच्या छावणीला खरमरीत पत्र लिहून, शेतकऱ्याच्या दाण्या-भाजीला हात लावू नका, असे बजावावे लागले, ते काही उगाच नव्हे. अठराव्या शतकात बंगालवर गेलेल्या मराठी फौजांची आठवण तिथे आजही भीतीचीच आहे. मला हा आक्षेप पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच गौरव नको म्हणतो. गौरव करायचा तर पापे झाकावी लागतात. तर्पणात मेलेला निर्दोष होता असे म्हणावे लागत नाही.

मग रामशेजच्या पायथ्याशी मेलेल्या मोगल शिपायांचे काय? तेही कोणाच्या तरी गावचे, बहुधा शेतकऱ्याच्याच घरचे. जपानमधल्या कामाकुरातले एंगाकुजी मंदिर 1282 मध्ये होजो तोकिमुनेने बांधले, ते मंगोल स्वारीत पडलेल्या दोन्ही बाजूंच्या मृतांसाठी. आपल्या विधीतही ही सोय आहे. नाशिकच्या रामकुंडावर पितरांना पाणी देताना नाव-गोत्र लागते, पण शेवटी ज्यांना आई नाही, बाप नाही, बंधू नाही, गोत्र नाही, अशांसाठीही पाणी सोडतात. पितृपक्षातली चतुर्दशी शस्त्राने मेलेल्यांची, आणि तिथी ठाऊक नसलेल्यांसाठी सर्वपित्री. धर्मशास्त्राने ही दारे मुद्दाम उघडी ठेवली आहेत. कोणी म्हणेल, हे पाणी त्यांच्यापर्यंत पोचते याला पुरावा काय? पुरावा नाही, आणि माझा युक्तिवाद त्यावर उभाही नाही. ऋणाची कबुली ऋणकोने द्यायची असते, धनको हजर असो वा नसो. रामशेजच्या किल्लेदाराच्या नावावरून वाद घालणाऱ्यांनी तो जरूर घालावा, कागद शोधावेत. पण चतुर्दशीचे पाणी त्या निकालासाठी थांबवायचे कारण नाही, आणि ते तटाच्या आतल्यांपुरते ठेवायचेही कारण नाही.