तिसरा रकाना

माढ्याच्या एका मास्तरांची ही गोष्ट. मास्तर मी रचलेले आहेत. ते ज्या छावणीत गेले ती मात्र खरी, ज्या गाडीनं गेले ती खरी, आणि त्यांच्या हातून जे झालं ते आजही कितीतरी वर्गांत होत असतं.

सन 1944. उजनीचं धरण अजून कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. माढा म्हणजे कोरडवाहू रान, शाळूची ज्वारी, रावरंभा निंबाळकरांचा भुईकोट आणि माढेश्वरीचं देऊळ. मास्तर इंग्रजी शिकवत. गावात त्यांचा दबदबा होता तो इंग्रजीमुळे जेवढा, तेवढाच त्यांच्या नजरेमुळे. मास्तर तोंड बघून पोटातलं ओळखतात, असं पोरं म्हणायची आणि मास्तरांनाही ते पटलेलं होतं. पुण्याला ट्रेनिंग करताना एका गोऱ्या इन्स्पेक्टरनं त्यांना सांगितलं होतं, की खरा माणूस डोळ्याला डोळा भिडवतो आणि खोटा नजर चुकवतो. मास्तरांनी ते गाठीला बांधून ठेवलं होतं.

त्या मार्चमध्ये फीचे जमवलेले दोन रुपये टेबलाच्या खणातून गेले. मास्तरांनी पोरांना रांगेत उभं केलं आणि एकेकासमोर थांबून चेहरे न्याहाळत निघाले. मेंढरं राखणाऱ्या घरातला एक बारा वर्षांचा पोरगा होता. मास्तर समोर येताच त्यानं मान खाली घातली. "वर बघ" म्हटलं तरी नजर मास्तरांच्या वहाणांवरच. आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू. मास्तरांचं पित्त खवळलं. चोर तो चोर, वर शिरजोर! छडी बसली तरी ते हसू जाईना. दप्तर उपडं केलं तेव्हा त्यातून पाटी निघाली, लेखणीचा तुकडा निघाला, फडक्यात बांधलेली अर्धी भाकरी निघाली. पैसे निघाले नाहीत. तरी पटावरून नाव कमी झालं. चोरी सिद्ध झाली ती एवढ्यावर, की मास्तरांना चेहरा वाचता येत होता.

मे महिन्याच्या सुटीत मास्तर थोरल्या बहिणीकडे कोल्हापूरला निघाले. माढ्याहून कुर्डुवाडी, तिथून बार्शी लाइटची अडीच फुटी रुळांवरची गाडी. पंढरपूर, सांगोला करत ती रमतगमत मिरजेला जायची. मिरजेला गाडी बदलायची. कोल्हापूरच्या अगदी अलीकडे वळिवड्याचं स्टेशन लागलं आणि मास्तरांनी खिडकीतून पाहिलं, तर फलाटावर गोऱ्या बायका आणि पोरं. अंगावर साधे सुती झगे, हातात पिशव्या. साहेबाच्या मडमा अशा उन्हात पिशव्या घेऊन उभ्या राहत नाहीत, एवढं मास्तरांना ठाऊक होतं.

त्या पोलंडच्या होत्या. 1939 मध्ये जर्मनी आणि रशियानं पोलंड वाटून घेतला. रशियाच्या वाट्याला आलेल्या भागातून 1940 सालापासून लाखो माणसं उचलून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेली गेली. 1941 मध्ये हिटलर रशियावर उलटला तेव्हा त्यांची सुटका झाली. जनरल आंडर्स यांच्या पोलिश फौजेबरोबर 1942 मध्ये हजारो कुटुंबं इराणात उतरली आणि त्यांतली काही हिंदुस्थानात आली. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला मुलांना आसरा दिला. कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला 1943 मध्ये मोठी छावणी उभी राहिली. तिथं सुमारे पाच हजार माणसं राहत होती. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी. कर्ते पुरुष लढाईवर. कौलारू बराकींच्या रांगा, शाळा, दवाखाना, चर्च, एक सबंध गावच. आपल्या लोकांनी त्या परक्यांना जागा दिली, भाजी-दूध पुरवलं, याचा मला अभिमान वाटतो आणि कोल्हापूरकरांना तो आजही आहे.

बहिणीचे यजमान, मास्तरांचे दाजी, छावणीत कांदे-बटाटे विकायला जात. इंग्रजी येणारा मेव्हणा घरी आला म्हटल्यावर त्यांनी त्याला बरोबर घेतलं. पहिल्याच दिवशी तराजूवरून गोंधळ झाला. एका बाईला माप कमी वाटलं. दाजींनी बोटांच्या चिमटीत गळ्याची कातडी धरली आणि म्हणाले, "गळ्याशप्पत बाई, पुरता शेर हाय!" बाई दोन पावलं मागे सरकली आणि शेजारणीच्या कानात काही पुटपुटली. दोघींनी पिशव्या उचलल्या. मग एक सोळा-सतरा वर्षांची मुलगी पुढं आली. बाजारातल्या पोरांत मिसळून ती मोडकंतोडकं मराठी शिकली होती. तिनं मास्तरांना समजावलं, की आमच्याकडे गळ्यावर बोटानं टिचकी मारली तर त्याचा अर्थ, माणूस दारू प्यालाय. तुमचे दाजी आपणहून कबुली देतायत असं त्यांना वाटलं. दाजी माळकरी. ज्या गळ्याला त्यांनी हात लावला होता त्याच गळ्यात तुळशीची माळ होती. ते बिचारे माळ दाखवू लागले, त्यावरून बायकांचा गैरसमज आणखी वाढला.

मास्तरांना यात गंमत वाटली. खेडवळ दाजी आणि परमुलखातल्या बायका, चुकामूक व्हायचीच. आपण असतो तर चटकन ओळखलं असतं.

त्या मुलीनंच पुढं विचारलं, आम्हाला इंग्रजी शिकवाल का? लढाई संपल्यावर कुठं जावं लागेल याचा कुणालाच पत्ता नव्हता, पण इंग्रजी लागणार हे सगळ्या जाणून होत्या. एका बराकीच्या ओसरीवर दुपारचा वर्ग भरू लागला. आठ-दहा बायका, दोन-तीन मुली. मास्तरांनी विचार केला, की नव्या मुलखात माणसाला सगळ्यांत आधी समोरच्याचा चेहरा कळला पाहिजे. म्हणून त्यांनी वहीत तीन रकाने आखले. पहिल्यात इंग्रजी शब्द: स्माइल, फ्राउन, नॉड, श्रग, विंक. दुसऱ्यात कृती, जी ते स्वतः करून दाखवत. कपाळाला आठ्या घालत, डोळा मिचकावत, खांदे उडवत. तिसऱ्या रकान्याच्या डोक्यावर लिहिलं होतं 'अर्थ'. हसू म्हणजे आनंद. आठी म्हणजे राग. खाली नजर म्हणजे लबाडी.

पहिले दोन रकाने बायकांनी भराभर पाठ केले. तिसऱ्याशी गाडी अडली. पन्नाशीतली एक बाई म्हणाली, हसणं म्हणजे आनंद कसा? अनोळखी माणसाकडे बघून आम्ही हसत नाही. उगाच हसणारा एक तर बावळट असतो, नाही तर त्याला काहीतरी काढून घ्यायचं असतं. आणि आठी म्हणजे राग नव्हे, मी तुमचं बोलणं नीट ऐकत असते तेव्हा माझ्या कपाळावर आठी असते. मास्तरांना हे आवडलं नाही. पुस्तकात जे आहे ते आहे, असं म्हणून त्यांनी धडा पुढं नेला.

मग ती दुपार आली. 'नॉड' शिकवून झालं होतं. छावणीत दोन दिवस एकच चर्चा चालू होती, इटलीत माँते कासिनोच्या मठावर 18 मे रोजी पोलिश सैनिकांनी झेंडा लावला होता. त्या पन्नाशीतल्या बाईचा मुलगा त्याच फौजेत होता. जिवंत होता की नाही, तिला ठाऊक नव्हतं. वर्ग संपल्यावर ती उठली नाही. शिकलेलं सगळं इंग्रजी गोळा करून तिनं सांगायला सुरुवात केली. 1940 च्या फेब्रुवारीत पहाटे सैनिक दारात आले. आवरायला जेमतेम अर्धा तास दिला. मग मालगाडीचे डबे, उत्तरेकडची जंगलं, लाकूडतोड. सुटका झाल्यावर दक्षिणेकडे येताना धाकटी मुलगी तापानं गेली. गाडी थांबली होती तेवढ्या वेळात रुळाच्या कडेला तिला ठेवलं. जमीन गोठलेली होती, खणता येईना.

मास्तर ऐकत होते, आपल्याकडे ऐकतात तसे. "हं... हं..." म्हणत मान या खांद्याकडून त्या खांद्याकडे हलकेच डोलवत. माढ्यात पारावर बसून कुणाची कर्मकहाणी ऐकताना माणूस दुसरं काय करतो? मान डोलली की सांगणाऱ्याला वाटतं, याच्यापर्यंत पोचतंय. मास्तरांच्या पोटात खरोखर कालवत होतं. परक्या बाईच्या तोंडाकडे टक लावून बघू नये म्हणून नजर त्यांनी ओसरीच्या फरशीवर ठेवली होती.

बाई बोलता बोलता थांबली. "नो?" तिनं विचारलं. मग आवाज चढला, "यू से नो?" ती उठली आणि आत निघून गेली. दार आपटलं.

मास्तर त्या मुलीकडे बघत राहिले. ती म्हणाली, "तुम्ही सारखं नाही-नाही म्हणत होता." मास्तर म्हणाले, "मी? मी तर हो म्हणत होतो!" मुलगी जरा घुटमळली आणि मग तिनं सगळंच सांगून टाकलं. बायकांना तुम्ही पहिल्या दिवसापासून खोटे वाटता. तुम्ही आमच्या डोळ्यांकडे कधी बघत नाही. भाजीचा भाव सांगतानासुद्धा खाली बघता. तुमच्याच वहीत लिहिलंय ना, खाली नजर म्हणजे लबाडी?

इन्स्पेक्टरचं वाक्य मास्तरांनी आयुष्यभर दुसऱ्यांना लावलं होतं. ते पहिल्यांदाच त्यांना स्वतःला लागलं. त्यांनी नजर खाली ठेवली होती ती मर्यादा म्हणून, आणि त्या मर्यादेवरूनच ते लबाड ठरले होते. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनीही माढ्यात कुणाला विचारलं नव्हतं.

संध्याकाळी मुलीला दुभाषी करून ते त्या बाईच्या दारात गेले. आमच्याकडे मान अशी हलवली तर काय समजतात, ते त्यांनी सांगितलं. बाईनं ते एकदा, दोनदा करून बघितलं. मग तिनं धाकट्या मुलीचं राहिलेलं सांगितलं. मास्तरांनी यावेळी तिच्या डोळ्यांकडे बघत ऐकलं. त्यांना ते जड गेलं, पण ऐकलं.

जूनमध्ये माढ्याला परतल्यावर ते शाळेत जाण्याआधी त्या पोराच्या वाडीवर गेले. आई दारात होती. डोक्यावरचा पदर सावरून म्हणाली, "आता काय राह्यलंय मास्तर? त्यो न्हाई हितं. मामानं सोलापुरात गिरणीत चिकटवलाय."

मास्तर सोलापूरला गेले. चाळ शोधून काढली. पोरगा पाळी संपवून आला होता, केसांत कापसाचे तंतू. मास्तरांना बघताच मान खाली, नजर पायांवर आणि ओठांच्या कोपऱ्यात तेच हसू. मास्तर "वर बघ" म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, "बाळ, त्या दिवशी तू हसलास का?"

बराच वेळ पोरगा गप्प. मग म्हणाला, "हसत न्हवतो मास्तर. भ्या वाटलं की माजं तोंड तसंच हुतंय. आज्ज्या मेला तवाबी झालं, लई मार खाल्ला."

"आणि वर का बघितलं नाहीस?"

"मास्तरापुढं डोळं वर करायचं नस्त्यात, आय म्हनती."

मास्तरांनी त्याला शाळेत यायला सांगितलं, फी भरतो म्हणाले, हात जोडायचे तेवढे राहिले होते. पोरगा आला नाही. त्याचा पगार घरी जात होता आणि घरी त्याची गरज होती. खणातले दोन रुपये कुणी घेतले ते शेवटपर्यंत कळलं नाही. समजा त्यानंच घेतले असते, तरी मी म्हणेन की मास्तरांचा निवाडा चूकच होता. कारण तो पैशांवरून झाला नव्हता, एका घाबरलेल्या पोराच्या ओठांवरून झाला होता. आपल्या भागात भीतीनं, लाजेनं, अपराधी वाटूनही माणसं हसतात. लहान मुलं तर हमखास. हे मास्तरांना ठाऊक नव्हतं असं नाही. ते स्वतःही लहानपणी तसेच हसले असतील. पण हातात छडी आली की माणसाला स्वतःच्या गावचं शहाणपण आठवत नाही, पुस्तकातलं आठवतं.

वहीतला तिसरा रकाना मास्तरांनी खोडला नाही. त्यातले अर्थ तेवढे पुसले आणि वर 'अर्थ' होतं तिथं 'विचारून' असं लिहिलं.

वळिवड्याची छावणी 1948 पर्यंत रिकामी झाली. बहुतेक कुटुंबं इंग्लंडला आणि इतर देशांत गेली. त्याच बराकींमध्ये फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित राहिले आणि त्या वस्तीचं आजचं नाव गांधीनगर. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेला कृतज्ञतेचा स्तंभ आहे. कोल्हापूरला गेलात तर जरूर बघा.

माढ्यात आता उजनीचं पाणी आहे, ऊस आहे, पिंपळनेरला साखर कारखाना आहे. दिवाळीच्या आसपास बीडकडच्या आणि इतर दुष्काळी भागांतल्या टोळ्या ऊसतोडीला येतात आणि त्यांच्याबरोबर त्यांची मुलं. त्यांतली काही जिल्हा परिषदेच्या शाळेत मागच्या ओळीत येऊन बसतात. कुणाच्या घरी बंजारा बोलतात, कुणी पहाटेपासून फडात मोळ्या बांधून आलेलं असतं. विचारलं तर ती उत्तर देत नाहीत, खाली बघतात, कधी भलत्याच वेळी हसतात. शाळेतून काही हरवलं की पहिला संशय त्यांच्यावर जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माढ्याच्या आणि सगळ्याच ऊसपट्ट्यातल्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. यंदा असं एखादं मूल तुमच्यासमोर मान खाली घालून हसलं, तर हात उगारू नका, नाव कमी करू नका. त्याच्याजवळ बसा आणि त्याला विचारा. पहिल्या दिवशी ते बोललं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. टोळी फेब्रुवारी-मार्चपर्यंत गावात असते, तेवढा वेळ तुमच्याकडे आहे.