खेळण्यातला शिपाई

लढाईचे खेळणे मुलांच्या हाती द्यावे की देऊ नये, असे कोणी विचारले, तर आपल्यापैकी बहुतेक सुशिक्षित माणसे क्षणाचाही विचार न करता ‘देऊ नये’ असे सांगतील. मग तीच माणसे वसुबारसेच्या संध्याकाळी अंगणात वाकून नातवंडांच्या किल्ल्यावरचे मावळे पहाऱ्यावर नीट उभे आहेत ना, हे पाहतील. किल्ला हे लढाईचे खेळणे आहे, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसते. दगड, विटा, पोती आणि चिखल यांचा तो रचायचा आणि त्यावर मातीचे शिपाई मांडायचे. लढाईचे खेळणे याहून निराळे ते काय असणार?

आमच्या गल्लीतील किल्ल्यांना गुण देण्याचे काम एका दिवाळीत मजकडे आले. मास्तर म्हटला की तो गुण देणारच, अशी लोकांची समजूत. सोलापूरची मुले किल्ला बांधतात तो मात्र नेहमी डोंगरी. गावचा स्वतःचा किल्ला भुईकोट, सपाटीवरचा, खंदकाचा, सिद्धेश्वराच्या तळ्याला लागून. 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांनी तो घेतला. पण मुलांना हवा असतो सह्याद्री, जो आमच्या कोणाच्याही गच्चीवरून दिसत नाही. मोहरी आणि अळीव पेरून उगवलेली झाडी, गुहेत वाघ, मधोमध पाण्याचे टाके, पायथ्याशी बाजार, डोक्यावर घागर घेतलेली गवळण, आणि अगदी वर सिंहासनावर महाराज.

अशा एका किल्ल्याच्या दरवाजाशी लष्करी जीप उभी होती. खोक्यातून सुटे भाग मिळतात, ते मुलाने चित्र पाहून जोडायचे, अशा जातीची. प्लॅस्टिकची, शेवाळी रंगाची, आणि बरोबर हातपाय हलणारा एक शिपाई. (आयत्या गाडीचा मोह काही आजचा नव्हे. शूद्रकाच्या नाटकातील लहानग्या रोहसेनालाही मातीची गाडी नको होती, शेजारच्या मुलाची सोन्याची हवी होती.) माझ्याबरोबरचे परीक्षक म्हणाले, “शिवकालात जीप कुठली?” हा आक्षेप रास्त होता. पण त्यापुढे ते म्हणाले, “शिवाय असली हिंसेची खेळणी आपल्या किल्ल्यात नकोत.” त्या जीपभोवती तेव्हा पंधरावीस तलवारी उपसलेल्या होत्या!

शस्त्र जुने झाले की आपण त्याला शोभा समजतो. हे केवळ आपलेच नव्हे. डेन्मार्कच्या लेगो कंपनीने आजच्या काळातील लष्करी वाहनांचे संच काढायचे नाहीत असे धोरण ठेवले आहे. 2020 मध्ये जर्मनीतील शांततावाद्यांनी हरकत घेतल्यावर ऑस्प्रे या विमानाचा संच तिने विक्रीच्या तोंडावर मागे घेतला. त्याच कंपनीच्या गढ्या आणि तलवारी घेतलेले शिलेदार मात्र वर्षानुवर्षे खपत आले. मी तिला नावे ठेवीत नाही. आजच्या शस्त्राने आज कोणाचे तरी मूल मरत असते. जुन्या शस्त्राने मेलेल्यांसाठी रडणारे कोणी उरलेले नसते. हा भेद खराच आहे. पण मग त्याला अहिंसा म्हणू नये. ते सुतक पाळणे झाले. सुतक पाळावेच, फक्त ते तत्त्व आहे असे मुलांना सांगू नये.

एच. जी. वेल्स याने 1913 साली ‘लिटल वॉर्स’ नावाचे पुस्तक लिहून खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम घालून दिले. खऱ्या युद्धापेक्षा हे युद्ध किती बरे, असे त्याचे म्हणणे. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. ते खेळण्यांमुळे पेटले असे कोणी शहाणा म्हणणार नाही, आणि खेळण्यांमुळे टळले नाही हे तर उघडच आहे. तेव्हा खेळण्याच्या माथी एवढा मोठा भार न टाकता, ते हातात घेऊन पाहावे हे बरे.

म्हणून मी तिथेच मांडी घालून बसलो. जीपची चाके फिरत होती, जोडणीही घट्ट होती. शिपायाची मूठ मात्र विचित्र. बोटे अर्धवट वळलेली, बंदुकीच्या मापाने. बंदूक हरवलेली असूनही मूठ तशीच. त्या हाताने स्टिअरिंगसुद्धा धरता येईना. हात घडवतानाच कोणीतरी त्याचे सारे आयुष्य ठरवून टाकले होते. मग शेजारचा मावळा उचलला. त्याची तलवार तर मुठीशी एकजीव, साच्यातूनच तशी निघालेली. ती खाली ठेवायला लावायची तर हात मोडावा लागेल! प्लॅस्टिकच्या शिपायाला निदान शस्त्र खाली ठेवता येते. एवढ्या एका बाबतीत बाजारचे खेळणे मला सरस वाटले, आणि कुंभाराविषयी पूर्ण आदर राखून मी तसे वहीत लिहिले. उलट मावळ्याच्या पाठीशी गवळण आहे, टाके आहे, बाजार आहे. तो कशासाठी पहारा देतो, हे मुलाला दिसते. खोक्यात जीप मिळते, शिपाई मिळतो. गाव मिळत नाही. शत्रूही मिळत नाही, आणि मला भीती आहे ती त्याची. खोक्यात नसलेला शत्रू मुले बाहेरून आणतात.

आमच्याकडे मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू बोलणारी मुले एकाच चिखलात हात घालतात. किल्ला रचताना कोणी कोणाची भाषा विचारीत नाही. तो रचून झाला, लढाई सुरू झाली, की एकदम कोणीतरी म्हणते, “तू मोगल हो.” ते कोणाला म्हटले जाते, हे सोलापूरकरांना सांगायला नको. ज्याने सकाळी विटा वाहिल्या, त्यालाच संध्याकाळी त्याच किल्ल्याबाहेर उभे केले जाते. वडीलधारी मंडळी ओट्यावर बसून हे ऐकतात आणि चिवड्यातले दाणे वेचून खातात. महाराजांच्या पायदळाचा सरनोबत नूरबेग होता, आरमारावर दौलतखान होता. आणि ज्या चार हुतात्म्यांचे पुतळे आमच्या गावात उभे आहेत, त्यांत मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्या बरोबरीने कुर्बान हुसेन आहेत. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याला चौघेही एकाच दिवशी फासावर गेले. रोज त्या पुतळ्यांवरून जाणारी माणसे प्लॅस्टिकच्या बंदुकीला हरकत घेतात, आणि ‘तू मोगल हो’ या वाक्याला कोणी हूं की चूं करीत नाही.

जीपच्या किल्लेदारांना मी विचारले, “तुमचा शत्रू कोण रे?”

त्यांनी एकमेकांकडे पाहिले. “अजून ठरलं नाही, सर,” त्यांतला धाकटा म्हणाला. “आधी पाणी आणायचंय. टाकं गळतंय.”

सोलापूरच्या मुलाला लढाईआधी पाणी आठवावे, यात नवल काही नाही. त्याने माझ्या हातातून शिपाई घेतला, बाटलीच्या टोपणाला दोरा बांधून केलेली बादली त्याच्या वळलेल्या मुठीत अडकवली आणि त्याला जीपमध्ये बसवला. बादली मुठीत अगदी चपखल बसली.

माझ्या सहपरीक्षकांनी शिवकालाचे दोन गुण कापलेच. मी आणखी एक कापला. दरवाजापासून टाक्यापर्यंत जीप जाईल असा रस्ताच नव्हता. पोरांनी हुज्जत घातली नाही. एकजण खुरपे आणायला घरात पळाला.