काटा रस्त्याचा, व्हॉल्व्ह घरचा



आजचा विषय अगदी साधा आहे, सायकलच्या ट्यूबचा. पण त्यातून निघणारा प्रश्न आपल्या प्रत्येक घरात कधी ना कधी येतो. आपण काही केलंच नाही आणि तरी नुकसान झालं, तर दोष कोणाचा?

सायकलची हवा जाते ती बहुतेक दोन तऱ्हांनी. एक म्हणजे रस्त्यात खिळा, काच किंवा बाभळीचा काटा लागतो. तिथे आपण काय करणार? पंक्चर काढायचं आणि पुढे निघायचं. दुसरी तऱ्हा म्हणजे ट्यूब व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटते. तिथलं रबर जाड आणि उंचसखल असतं, ठिगळ सपाट बसत नाही. म्हणून पंक्चरवाला बघूनच सांगतो, "ट्यूबच बदला." जिथे मागाहून दुरुस्ती होत नाही, तिथे आधीची काळजी हाच उपाय उरतो.

फाटतं कशामुळे, तेही समजून घेऊ. ट्यूबच्या रबरातून हवा आपसूक थोडी थोडी झिरपत असते, सायकल अंगणात नुसती उभी असली तरीही. हवा कमी झाली की टायरची रिमवरची पकड सैल होते. पायडल मारताना, ब्रेक दाबताना टायर किंचित सरकतो आणि आतली ट्यूबही ओढत नेतो. व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकलेला, तो कुठे जाणार? तो तिरका होतो, बुडाचं रबर रोज थोडं ताणलं जातं आणि एक दिवस फाटतं.

आता बघा, यात कोणीच काही वाईट केलेलं नाही. फक्त कितीतरी दिवस कोणी हवा बघितली नाही. सायकल सगळ्यांची, म्हणून पंप कोणाच्याच हातात नाही. आणि ओरडा कोणाला बसतो? ट्यूब फाटली तेव्हा जे पोर सायकलवर होतं, त्याला. "तूच फोडलीस!" शेवटचा हात कोणाचा लागला, एवढंच आपण बघतो. घरातल्या कितीतरी गोष्टींचा न्याय आपण असाच करतो, आणि तो अन्याय असतो.

काही जण म्हणतील, न केलेल्या कामाचा कसला दोष? दोष तर केलेल्या कामाचा. आम्हाला हे पुरतं पटत नाही. पण उलट टोकाला जाऊन सगळं आपल्याच माथी घेणंही बरं नाही. आम्ही दोन प्रश्न विचारतो. ते आपल्याला ठाऊक होतं का? आणि ते करणं आपल्या हातात होतं का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल, तर स्वस्थ बसणं हीसुद्धा एक कृतीच झाली. ज्या लेकराला कोणी कधी सांगितलंच नाही, त्याच्याकडे दोष जात नाही. रिमच्या भोकाची कड धारदार निघाली आणि तिने ट्यूब कापली, तर पहिल्या वेळी आपलं अज्ञान म्हणू. दुसरी ट्यूबही तिथेच कापली गेली, तर मात्र ते दुर्लक्ष आहे.

आणखी एक गोष्ट. काळजी अति झाली तरी व्हॉल्व्ह जातो. हवा भरायच्या आधीच नट पकडीने करकचून आवळला, की व्हॉल्व्हचं बूड भोकात ओढलं जातं आणि तिथेच चीर पडते. आधी हवा, मग नट, आणि तोही बोटांनी बसेल इतकाच. माणसांनाही भीतीपोटी असं आवळून धरू नये, हे ज्याचं त्याने आपल्या घरात बघावं.

आता करायचं काय? आठवड्यातून एकदा हवा बघावी. किती दाब हवा ते टायरच्या बाजूवर छापलेलं असतं. व्हॉल्व्ह सरळ चाकाच्या मध्याकडे बघतोय ना, ते पाहावं. तिरका दिसला तर हवा सोडून टायर-ट्यूब सरकवून तो सरळ करावा आणि मग हवा भरावी. पंप मारताना दुसऱ्या हाताने व्हॉल्व्हला आधार द्यावा, पंप वाकडा ओढून काढू नये. नवी ट्यूब घालण्याआधी भोकाच्या कडेवरून बोट हळूच फिरवावं, टोचलं तर कानशीने ती गुळगुळीत करून घ्यावी. बारीक व्हॉल्व्हची ट्यूब मोठ्या भोकाच्या रिमला तशीच घालू नये.

हवेचा टायर डनलॉप यांनी बनवला तो आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीसाठी, आणि त्याचं पेटंट १८८८ साली घेतलं. पोराला खडबडीत रस्त्यावर दणके बसू नयेत, एवढाच हेतू. बेळगाव असो, बडोदा असो की इंदूर, आपलं पोर त्याच टायरवर शाळेला जातं. भर उन्हात, परीक्षेच्या दिवशी ते सायकल ढकलत चालू नये, म्हणून पाच मिनिटं द्यायची आहेत.

या रविवारी प्रत्येक घरात एकाने सायकलची हवा बघायचं काम अंगावर घ्यावं, आणि ते आपलं आहे हे सगळ्यांसमोर सांगावं. सायकल नसेल, तर आपल्या घरात जे रोज थोडं थोडं झिरपतंय आणि कोणीच बघत नाही, ते शोधावं.