विष आढळले नाही

चरोद्याहून गाडीने रायपुरास वा बिलासपुरास जाऊन रसायनशास्त्राच्या जोडीने न्यायसहायक विज्ञान शिकणे आता दुर्घट राहिलेले नाही. सागर विद्यापीठात तर या विषयाचा विभाग १९५९ मध्येच निघाला होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जावे अशी तरतूद आहे. तेव्हा या पदवीधरांस मागणी राहणार. आपण पडलो नोकरपेशाची माणसे. मुलीने हा विषय घेतला की नेमणूक कोठे व वेतनश्रेणी कोणती, हेच आपण प्रथम विचारतो. आम्हांस निराळीच शंका येते. आरोपी दोषी आहे अशी जिची मनोमन खात्री झाली आहे, तिला परीक्षेत काहीच सापडले नाही, तर तिने काय लिहावे?

ही शंका काल्पनिक नव्हे. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे प्रकृती दाखविण्यासाठी मुंबईच्या गाडीत बसल्या. सोबत डॉक्टर अनंत चिंतामण लागू होते. सकाळी बेशुद्ध स्थितीत, आणि तेही खोट्या नावाने, त्यांस गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल करण्यात आले. त्याच दिवशी त्या वारल्या. पुढे मृत बाईंच्या नावाची पत्रे आप्तेष्टांस येत राहिली, आणि त्यांची मालमत्ता डॉक्टरांच्या हाती जात राहिली. सरकारी विश्लेषकाने व्हिसेरा तपासला. विष आढळले नाही. तरीही फाशीची शिक्षा झाली. डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तिघा न्यायमूर्तींपैकी दोघांनी ती कायम केली. न्यायमूर्ती सरकार यांचे मत विरुद्ध पडले. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती हिदायतुल्ला आपल्या रायपूरच्या शाळेत शिकलेले होते.

विश्लेषकाने तेथे कच खाल्ली असे कोणी म्हणेल, तर ते आम्हांस मान्य नाही. ‘आढळले नाही’ म्हणजे ‘नव्हते’ असे नव्हे. काही विषे शरीरात टिकत नाहीत. ते अंतर भरून काढणे न्यायाधीशांचे काम होते, आणि डॉक्टरांचे आधीचे व नंतरचे वर्तन पाहून त्यांनी ते केले. विश्लेषकाने आपल्या खात्रीची भर घातली असती, तर न्यायाधीशांपुढे एक पुरावा अधिक आला नसता, एक मत मात्र पुराव्याच्या वेषात आले असते.

सापडल्याचा मोह तर न सापडल्याच्या खंतीहून मोठा. १८३६ सालची मार्शची परीक्षा घ्या. जस्त व आम्ल यांत संशयित पदार्थ घालून निघालेला वायू तापविला, की सोमलाचा काळसर आरसा काचेवर उमटतो. पण अँटिमनीचाही तसाच आरसा उमटतो. सोमलाचा आरसा सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात विरघळतो, अँटिमनीचा नाही. शिवाय जस्तातच सोमल असू शकतो. म्हणून नुसते जस्त व आम्ल घेऊन आधी कोरी परीक्षा करावी लागते. हा खटाटोप कंटाळवाणा खराच. कायद्याने सरकारी तज्ज्ञाचा अहवाल त्यास साक्षीस न बोलाविताही पुराव्यात वाचता येतो; मग ती कोरी परीक्षा केली होती काय, हे पुष्कळदा कोणी विचारीतही नाही.

यावर कोणी म्हणतील, परीक्षिकेस प्रकरणाची हकीकत कळूच देऊ नये. ते मात्र साधणारे नाही. व्हिसेरा मोजकाच असतो. सर्व विषांच्या सर्व परीक्षा करावयास तो पुरत नाही. मृताला ओकाऱ्या होत होत्या की झटके येत होते, हे ठाऊक असल्यावाचून शोध कोठून आरंभावा? लक्षणे तिला कळली पाहिजेत. आरोपी कोण, त्याने कबुली दिली काय, पोलिसांस कोणाचा संशय आहे, हा मजकूर मात्र काम संपेपर्यंत निराळ्या पाकिटात राहावा. आज बाटल्यांबरोबर दोन्ही एकाच कागदावर आले, तर तो कागद प्रथम दुसऱ्या कोणी वाचावा आणि लक्षणांपुरती ओळ उतरवून द्यावी. त्यास आणखी एका कारकुनाची जागा मंजूर करावी लागेल एवढेच.