१४२८५७ चं काय करायचं?

१४२८५७ ला दोनने गुणा, २८५७१४. तीनने गुणा, ४२८५७१. सहापर्यंत तेच सहा अंक त्याच क्रमाने फेर धरतात आणि सातने गुणलं की ९९९९९९. हा ‘चमत्कार’ मोबाइलवर वरचेवर येतो. खाली विश्वाच्या गूढाबद्दल दोन ओळी असतातच. त्या ओळींनी माझं डोकं फिरतं.

कारण ही करामत संख्येची नव्हे, ती लिहिण्याच्या रीतीची. माणसाला दहाऐवजी आठ बोटं असती आणि आपण अष्टमानात लिहीत असतो, तर हीच संख्या ४२७०११ अशी दिसली असती आणि तिची दुप्पट १०५६०२२. फेर संपला. उलट १७२९ कशीही लिहा, ती दोन घनांची बेरीज दोन प्रकारे राहणारच. हा संख्येचा स्वतःचा गुण.

केंब्रिजच्या जी. एच. हार्डींनी १९४० च्या आपल्या छोट्या पुस्तकात अंकांच्या असल्या गमती कोड्यांच्या सदरांकडे पिटाळल्या. ८७१२ म्हणजे २१७८ ची चौपट, ९८०१ म्हणजे १०८९ ची नऊपट. गणितीला त्यात काय, असा त्यांचा सूर. या दोन उदाहरणांपुरते ते मला पटतात. पण ती तुच्छता जरा जास्तच झाली.

देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर अशाच गमतींमागे आयुष्यभर राहिले. त्यांच्या नावाच्या संख्यांमध्ये आपली १४२८५७ ही आहे. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. तो तोडा: २०४०८ अधिक १२२४४९, पुन्हा १४२८५७! योगायोग वाटतो, पण नाही. ९९९९९९ चा सातवा भाग म्हणजे ही संख्या; तिच्यातून एक वजा केला तर उरलेल्याला सातने नेमका भाग जातो आणि भागाकार येतो २०४०८. म्हणून वर्ग म्हणजे ९९९९९९ गुणिले २०४०८, अधिक ती संख्या स्वतः. पुढचं आपोआप जुळतं. करामतीखाली चक्क अवयवांचा हिशोब निघाला, आणि अवयव बोटं मोजत नाहीत.

मग फेराकडेही नीट पाहावं लागतं. एकाला सातने भागत गेलं की भागाकारात हेच सहा अंक फिरत राहतात आणि बाक्या येतात ३, २, ६, ४, ५, १. शक्य त्या सगळ्या, एकही न गाळता. तेराला हे जमत नाही, त्याची सहा बाक्यांतच पुनरावृत्ती होते. १७, १९, २३ ला जमतं. अशा मूळ संख्या अनंत आहेत का? दहाऐवजी दोनच्या किंवा तीनच्या पायावर लिहा, प्रश्न तोच राहतो. म्हणजे माझा भेद इथे टिकत नाही: लिहिण्याच्या रीतीतून निघालेला हा प्रश्न संख्यांच्याच स्वभावाचा आहे. हार्डींचं त्या दोन उदाहरणांबद्दलचं मत बरोबर, हेटाळणी घाईची.

अशा मूळ संख्या अनंत असाव्यात, असं एमिल आर्टिन यांनी १९२७ मध्ये सुचवलं. १९६७ मध्ये क्रिस्टोफर हूली यांनी ते सिद्ध केलं, पण रीमान यांच्या गृहीतकाचं व्यापक रूप खरं मानून. ते गृहीतकच अजून सिद्ध झालेलं नाही.