ज्ञानाआधीचे कर्म

कर्म आधी की ज्ञान आधी, हा भारतीय तत्त्वचिंतनातील जुना वाद प्लेगच्या रोग्यापुढे निकरावर येतो. फुप्फुसाच्या प्लेगात लक्षणे दिसल्यापासून सुमारे २४ तासांत योग्य औषध मिळाले नाही, तर रोगी बहुधा दगावतो. उलट, कोणते प्रतिजैविक म्हणजे जिवाणूंना मारणारे किंवा त्यांची वाढ रोखणारे औषध लागू पडेल, हे सांगणाऱ्या संवेदनशीलता चाचणीसाठी जिवाणू आधी वेगळा करून वाढवावा लागत असल्याने काही दिवस जातात. वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करीत इंदापुरास पोचते. वारकऱ्यांच्या त्या दाटीत असा रोगी निघालाच, तर अहवालाची वाट पाहत बसणे हा वैद्याचा धर्म नव्हे. न्यायदर्शनाच्या परिभाषेत, तो अनुमान आणि शब्द म्हणजे जाणत्यांचे वचन, या प्रमाणांवर विसंबून जेंटामायसिन सुरू करतो.

लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ज्ञान झाल्यावरही कर्म सोडू नये, असे प्रतिपादिले, १८९७ च्या पुण्याच्या प्लेगात हिंदू रुग्णालयासाठी झटताना मात्र त्यांच्या काळाला त्या रोगावरचे एकही खात्रीचे औषध ठाऊक नव्हते.

मग उशिरा येणारी चाचणी कशासाठी? कडक सुरक्षेच्या प्रयोगशाळेत बारीक खळग्यांच्या तबकडीत औषधाची मात्रा प्रत्येक खळग्यात निम्मी करीत नेतात, त्यात जिवाणू सोडतात आणि ती ३५ अंशांवर २४ ते ४८ तास ठेवतात; ज्या सर्वांत कमी मात्रेच्या खळग्यातील द्रव गढूळ न होता नितळ राहतो, ती वाढ रोखणारी किमान मात्रा. हे प्रत्यक्ष, म्हणजे डोळ्यांनी पाहिलेले प्रमाणही निर्दोष नाही, कारण पेनिसिलिनच्या कुळातील औषधे तबकडीत प्रभावी दिसूनही रोग्याच्या देहात निकामी ठरू शकतात. तरीही १९९५ साली मादागास्करमधील एका रोग्याचा जिवाणू स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल या तिन्हींना दाद देत नाही, हे अशाच तपासणीतून जगाला कळले. ती प्रतिकारशक्ती प्लास्मिडवर, म्हणजे एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणाऱ्या जनुकांच्या कड्यावर होती.

ज्याचा नमुना, त्याचे उपचार निकालाआधीच सुरू झालेले असतात. चाचणीचे फळ बव्हंशी पुढच्या अनोळखी रोग्याच्या पदरात पडते, आणि म्हणून निष्काम कर्माचे याहून चोख उदाहरण आधुनिक वैद्यकात विरळा. बारामती-इंदापूरच्या दवाखान्यांनी संशयित रोग्याला औषध द्यायला क्षणाचाही विलंब लावू नये, पण पहिल्या मात्रेआधी नमुना घ्यायलाही चुकू नये.